जुन्या विंडोजवर विकत घेतलेले डिजिटल गेम्स चालू कसे ठेवायचे?

डिचोलीकर_७

नमस्कार मंडळी,

विषय रिकामटेकड्यांचा वाटेल, पण इथे समदुःखी बरेच असणार म्हणून धागा काढतोय. घरी एक जुना डेस्कटॉप अजून ठणठणीत आहे. विंडोज ७, चार जीबी रॅम, त्या काळातलं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. २००० ते २०१० च्या आसपासचे गेम्स त्यावर विनातक्रार चालतात. तेच नव्या लॅपटॉपवर टाकले की कुठे आवाज गायब, कुठे माऊस अडखळतो, कुठे गेम इतका सुसाट पळतो की वळण दिसायच्या आत गाडी भिंतीत.

यातले बहुतेक गेम्स डिस्कवर नाहीत, ऑनलाइन घेतलेले आहेत. काही स्टीमवर, काही गॉगवर. स्टीमने एक्सपी आणि व्हिस्टाचा सपोर्ट १ जानेवारी २०१९ ला थांबवला, आणि ७, ८, ८.१ चा १ जानेवारी २०२४ ला. त्या दिवशीच सगळं बंद पडतं असं नाही, पण पुढे कधी पडेल ते आपल्या हातात राहत नाही.

मला एवढंच हवंय: पैसे भरून घेतलेला गेम या मशीनवर नेट नसताना, कोणाची परवानगी न मागता सुरू व्हावा. चवथीला घरात भाचरांची फौज जमते. बाहेर पाऊस, वीज असली तर नेट नाही, नेट असलं तर वीज नाही. अशा वेळी समोर 'लॉगिन करा' नको. कोणी हे पद्धतशीर केलंय का? क्रॅक (गेमचं कुलूप तोडणाऱ्या फाइल्स) वगैरे नको, आधीच सांगून ठेवतो.

मांडवीकाठ

नवा पीसी घ्या. विषय संपला. :)

डिचोलीकर_७

@मांडवीकाठ, लॅपटॉप आहे हो घरात. घेतला तेव्हा विंडोज १० म्हणजे शेवटचा शब्द होता. त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे तुमचा सल्ला दर काही वर्षांनी नव्याने पाळायचा, आणि जुना गेम तरीही रुसलेलाच.

फर्मागुडी_पेंग्विन

आधी बिघडतं काय ते बघा, अर्धं काम तिथेच होतं. २००५ सालचा गेम विंडोज ७ वर चालायचा थांबलेला नाही. थांबतो तो क्लायंट, म्हणजे गेम उतरवणारं आणि सुरू करणारं स्टीमचं ॲप. स्टीमचं दुकान, लायब्ररी, चॅट ही सगळी आतून वेबपेजेस आहेत आणि ती दाखवायला पोटात क्रोमचं इंजिन बसवलेलं आहे. गूगलने विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोम १०९ हे शेवटचं ठेवलं. ११० फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं ते विंडोज १० पासून पुढेच. स्टीमने सपोर्ट थांबवताना मुख्य कारण हेच दिलं होतं. फ्लॅट तुमचा, सामान तुमचं, फक्त किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन नोकरी सोडून गेलेला.

म्हणून प्रत्येक गेमची एक परीक्षा घ्या. ज्या मशीनवर स्टीम नीट चालतं तिथे गेम उतरवा. लायब्ररीत गेमच्या नावावर राइट-क्लिक करून त्याच्या लोकल फाइल्स उघडा. स्टीमॲप्स, त्याच्या आत कॉमन, त्याच्या आत गेमचं फोल्डर असतं. आता स्टीम पूर्ण बंद करा. नुसती फुली मारून भागत नाही, खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवर जाऊन 'एक्झिट'. वायफाय बंद. मग फोल्डरातली गेमची ईएक्सई फाईल डबल-क्लिक करा.

गेम सरळ उघडला तर त्याला कुलूपच नाही. स्टीमचं डीआरएम (म्हणजे हेच कुलूप) लावणं निर्मात्यांवर सक्तीचं नाही, आणि जुन्या गेम्समध्ये बिनकुलपाचे पुष्कळ निघतात. गेमने स्टीमलाच हाक मारली, तर कुलूप आहे. आणि गेमने स्वतःच्या कंपनीचं आणखी एक लाँचर उघडून तिथलं लॉगिन मागितलं, तर निदान विंडोज ७ पुरता त्या गेमचा नाद सोडा.

बिनकुलपाच्या गेमचं अख्खं फोल्डर उचलायचं आणि जुन्या मशीनवर ठेवायचं. सोबत कॉमनमध्येच 'स्टीमवर्क्स शेअर्ड' नावाचं फोल्डर असतं, तेही घ्या. त्यात डायरेक्टएक्स, व्हिज्युअल सी++ यांचे इन्स्टॉलर असतात. एरवी स्टीम ते गुपचूप बसवून टाकतं, त्यामुळे आपल्याला त्यांची गरज कळतच नाही. ते नसले की जुन्या मशीनवर 'अमुक डीएलएल सापडत नाही' असं येतं आणि लोक गेमलाच दोष देतात.

स्टीमच्या मेनूतल्या 'बॅकअप'वर मात्र विसंबू नका. तो परत उलगडायला स्टीमच लागतं, म्हणजे फिरून तिथेच.

डिचोलीकर_७

हे झकास. आज रात्रीच सुरू करतो. सेव्ह फाइल्सचं काय?

फर्मागुडी_पेंग्विन

त्या गेमच्या फोल्डरात क्वचितच असतात. बहुतेक 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये 'माय गेम्स' म्हणून, नाहीतर ॲपडेटामध्ये लपलेल्या. पीसीगेमिंगविकी या साइटवर गेमचं नाव टाका. सेव्ह कुठे, डीआरएम कोणतं, कुठल्या विंडोजवर काय अडतं, सगळं एका पानावर मिळतं. माझ्या मते या विषयावर इतकी उपयोगी जागा दुसरी नाही.

अजून एक गोष्ट: नवं अपडेट आलं की गेम जुन्या विंडोजवर उठतच नाही, असंही होतं. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'बीटा' भाग बघा, काही निर्माते तिथे मुद्दाम जुनी आवृत्ती ठेवतात. तिथे नसली तर स्टीमच्या आतल्या कन्सोलमधून डिपो (गेमच्या फाइल्सचा गठ्ठा) आणि मॅनिफेस्ट (त्याची ठरावीक आवृत्ती) यांचे क्रमांक देऊन जुनी आवृत्ती मागवता येते. कामाला जरा किचकट आहे, पण जमतं.

कोलवाळ_कट्टा

अपडेटवरून आठवलं. 'जीटीए सॅन अँड्रियास'ला २०१४ मध्ये स्टीमवर अपडेट आलं आणि रेडिओवरची काही गाणीच गायब झाली, कारण त्यांच्या परवान्याची मुदत संपली होती. पैसे भरलेल्यांच्या गेममधूनसुद्धा गेली. डिस्कवाल्यांची गाणी शाबूत. तेव्हा 'अपडेट म्हणजे चांगलंच' या समजावर राहू नका.

पेडण्याचे_काका

म्हणूनच आम्ही म्हणतो, डिस्क ती डिस्क. माझ्याकडे कपाटभर आहेत.

फर्मागुडी_पेंग्विन

काका, गाण्यांपुरती डिस्क जिंकली, कुलपाच्या बाबतीत हरली. त्या काळातल्या बऱ्याच डिस्क्सवर सेफडिस्क नावाचं संरक्षण असे. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या खोलात जाऊन बसायचा. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ठेवलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या एका सुरक्षा अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. म्हणजे डिस्क हातात, ड्राइव्ह फिरतोय, आणि गेम म्हणतो चालणार नाही. तोच गेम गॉगवर असला तर तिथे हे संरक्षण काढूनच विकतात.

पेडण्याचे_काका

अरे देवा. म्हणून ती गाड्यांची शर्यत चालत नाही होय! मी समजत होतो बुरशी लागली.

खाजनातला

काका, बुरशीही लागलेली असेल, खात्री करून घ्या. :) आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या सीडीवर पांढरी नक्षी उमटते ती तीच.

साखळी_गॉगवाला

मूळ प्रश्नातल्या गॉगच्या अर्ध्या भागाबद्दल. तिथलं दुखणं फारच हलकं आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये हे दुकान काढलं तेव्हा नावच 'गुड ओल्ड गेम्स' होतं, आणि डीआरएम न लावता विकायचं हे पहिल्यापासूनचं धोरण. गॅलेक्सी नावाचा क्लायंट आहे, पण त्याची सक्ती नाही. वेबसाइटवर लॉगिन करायचं, आपल्या लायब्ररीत गेमवर क्लिक करायचं, आणि ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून घ्यायचा. एक सेटअपची ईएक्सई आणि गेम मोठा असला तर सोबत दोन-चार '.bin' फाइल्स. सगळ्या एकाच फोल्डरात ठेवायच्या, एकही मागे राहिली तर इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं. ना लॉगिन, ना ॲक्टिव्हेशन.

विंडोज ७ वरूनच उतरवायचं असेल तर क्रोमच्या नादाला लागू नका. मोझिलाने जुन्या विंडोजसाठी फायरफॉक्स ११५ ची ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती बराच काळ चालू ठेवली, तिच्यात साइट उघडते. पण मी म्हणेन नव्या मशीनवर उतरवा आणि पेनड्राइव्हने न्या.

एकच खबरदारी. गॉग इन्स्टॉलर अद्ययावत करतं तेव्हा जुन्याच्या जागी नवा येतो. नवा विंडोज १० आणि ११ डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. तुमच्या ७ वर आज जो चालतोय तो जपून ठेवा, आणि फोल्डरच्या नावात तारीख लिहा. 'सेटअप नवा', 'सेटअप नवा २', 'सेटअप एकदम नवा' असं करू नका, कृपा करून.

आके_रायडर

कशाला रे एवढा खटाटोप? क्रॅक टाक, दोन मिनिटांत मोकळा. पैसे तर भरलेच आहेस.

डिचोलीकर_७

पहिल्याच पोस्टमध्ये नको म्हटलंय, भाऊ.

वकीलबाय

@आके_रायडर, 'पैसे भरलेत' हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही, आणि वाटतो तितका भरीवही नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. (हा कायदेशीर सल्ला नाही, कट्ट्यावरची चर्चा आहे.)

आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२(१)(एए) आहे. संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर मार्गाने आली आहे, त्याला तो प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला त्या कामासाठी वापरताना प्रत करता येते, आणि हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रतही करता येते. वर पेंग्विन आणि गॉगवाल्यांनी जे सांगितलं, बिनकुलपाची फाईल उचलून ठेवणं, ते या चौकटीत बसतं असं माझं मत.

कुलूप तोडण्याचा विषय वेगळा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र त्यात 'हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने' अशी अट आहे. स्वतः विकत घेतलेल्या गेमसाठी हेतू कोणता धरायचा, यावर वकील तास न् तास भांडतील. क्रॅक नेटवर वाटणाऱ्याला ही ढाल मिळेल असं समजू नका.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणी वाचत नाही: करार. बहुतेक डिजिटल दुकानं गेम 'विकत' नसतात, वापरायचा परवाना देतात. कॅलिफोर्नियाने यासाठी एबी २४२६ हा कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. ग्राहकाला परवानाच मिळतोय हे दुकानाने स्पष्ट सांगायचं. जी वस्तू कायमची उतरवून ऑफलाइन वापरता येते तिला त्यातून सूट आहे. स्टीमच्या खरेदीच्या पानावर आता तशी ओळ दिसते, ती बघा एकदा.

कायदा बाजूला ठेवा. कुठल्याशा साइटवरून उतरवलेली क्रॅकची ईएक्सई, तीही अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर चालवायची? माझा भाऊ करतो. त्याच्या मशीनला मी हात लावत नाही.

आके_रायडर

बरं बाय. गप बसतो.

तारवटी

मी बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने. आमच्याकडे नेट म्हणजे कॅप्टनची कृपा. तुमची चवथ म्हणजे आमचं रोजचंच. अनुभवाने सांगतो: स्टीमच्या ऑफलाइन मोडवर जायच्या आधी प्रत्येक गेम एकदा ऑनलाइन असताना सुरू करून मुख्य मेनूपर्यंत न्यायचा. पहिल्या वेळी तो काहीतरी बसवतो, काहीतरी विचारतो. ते घरी झालं नाही तर समुद्रात होत नाही. अपडेटही सगळे संपवूनच निघायचं, अर्धवट अपडेट झालेला गेम ऑफलाइनमध्ये उघडत नाही.

पण आता माझा भरवसा गॉगच्या इन्स्टॉलरवरच. नवा गेम घ्यायचा तर आधी तिथे आहे का बघतो, थोडा महाग पडला तरी.

पर्वरी_मॅकवाली

मॅकवाल्यांचं रडगाणंही ऐका. ॲपलने ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएसची कॅटालिना ही आवृत्ती आणली आणि ३२-बिट ॲप्स एका झटक्यात बाद केली. जुने मॅक गेम्स बहुतेक ३२-बिट. त्याआधीची आवृत्ती मोहावे ही त्यांची शेवटची जागा, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टीमने तिचाही सपोर्ट थांबवला. माझ्या जुन्या मॅकवर मोहावे मुद्दाम ठेवलंय, अपडेटची सूचना रोज झिडकारते. पेंग्विनची डबल-क्लिक परीक्षा मॅकवरही चालते, करून बघितली.

मांडवीकाठ

मस्करीत लिहिलं होतं, पण धागा भारी झाला. प्रश्न: जुना गेम नव्या लॅपटॉपवरच नीट चालवायचा काही मार्ग नाही का? आमच्याकडे जुनं मशीन ठेवायला जागा नाही.

फर्मागुडी_पेंग्विन

आहे. डीजीव्हूडू २ म्हणून एक फुकट साधन आहे. त्यातल्या दोन-तीन डीएलएल फाइल्स गेमच्या फोल्डरात टाकायच्या. जुना डायरेक्टएक्स किंवा थ्रीडीएफएक्सचा ग्लाइड मागणाऱ्या गेमला ते डायरेक्टएक्स ११ किंवा १२ मधून उत्तर देतं. पडद्याचा आकार, गायब पोत, काळा स्क्रीन, यातलं बरंच काही त्याने सुटतं. धागाकर्त्याची सुसाट गाडी त्याहून सोपी: ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनलमध्ये फ्रेम रेट ६० वर बांधा. जुन्या गेम्समध्ये गाडीचं गणित फ्रेमला जोडलेलं असतं, फ्रेम चौपट झाल्या की गाडीही पिसाळते.

डॉसच्या काळातले गेम्स तर प्रश्नच नाहीत, डॉसबॉक्समध्ये कुठेही चालतात. गॉगवर ते डॉसबॉक्ससकट येतात.

लिनक्स हा माझा आवडता रस्ता, पण सगळ्यांना ढकलणार नाही. विंडोजचे प्रोग्रॅम तिथे चालवणारं वाइन १९९३ पासून आहे, स्टीमवाल्या व्हॉल्वने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावरून गेम्ससाठी प्रोटॉन काढलं. गंमत अशी की विंडोज ११ वर रुसलेले काही गेम्स तिथे गुमान चालतात. अडचण एकच: प्रोटॉनला व्हल्कन (ग्राफिक्स कार्डशी बोलायची नवी पद्धत) समजणारं कार्ड लागतं. धागाकर्त्याच्या डेस्कटॉपचं कार्ड त्या आधीचं असेल तर फार आशा ठेवू नये. तिथे विंडोज ७ च राहू द्या.

डिचोलीकर_७

थोडी प्रगती. स्टीमवरचे निम्म्याहून जास्त गेम्स डबल-क्लिकला सरळ उघडले. अपेक्षा इतकी नव्हती. काही स्टीमला हाक मारतात, त्यातले जे गॉगवर आहेत ते सेलमध्ये पुन्हा घेईन. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे, पण यावेळी फाईल माझ्या घरात. एक-दोन गेम्स फक्त ऑनलाइनच होते, त्यांचा विचारच सोडला. ज्याचा सर्व्हरच बंद झाला त्याला फाईल ठेवून काय उपयोग? ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचं तेच झालं, त्यावरून ती 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली.

मध्ये एक गंमत झाली. जुन्या मशीनवर कुठलीच साइट उघडेना, सगळीकडे सर्टिफिकेटची तक्रार. बघतो तर मशीनच्या मते साल २००९. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता, वीज गेली की तारीख विसरायचं. म्हापशाच्या बाजारात सेल घेतला, चिल्लर पैशांत काम. तारीख जुळली आणि तक्रारी थांबल्या.

वकीलबाय

साइट उघडेना म्हणजे ते मशीन नेटवर आहे? काढा आधी.

फर्मागुडी_पेंग्विन

बायला अनुमोदन. मे २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस आठवा. त्यात लागण झालेली बहुसंख्य मशीन्स विंडोज ७ वाली होती, आणि पॅच (ती फट बुजवणारं अपडेट) दोन महिने आधी, मार्चमध्येच येऊन पडला होता. म्हणजे पॅच मिळत होता तेव्हा ही गत. आता तर तो येणारच नाही. नव्या मशीनवर उतरवायचं, तिथेच व्हायरससाठी तपासायचं, मग पेनड्राइव्हने जुन्यावर. जुन्याची लॅन केबल काढून ड्रॉवरमध्ये. त्यावर बँकेचं काम तर चुकूनही नको.

खाजनातला

आता साठवण. आमचं घर खाजनाला (खाडीकाठच्या सखल जमिनीला) लागून, दमटपणाचं मला विचारा. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला होतो. एक्स्टर्नल हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकणं सगळ्यात वाईट. आत अडकलेली ओल बाहेर जात नाही, यूएसबीच्या टोकावर हिरवट थर चढतो. मी घट्ट झाकणाचा डबा घेतो, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर डिस्क, आणि मेच्या अखेरीस, हवा कोरडी असतानाच, डबा बंद करतो. रंग बदलणारं सिलिका जेल मिळालं तर उत्तम, कधी बदलायचं ते दिसतं. तांदूळ घालू नका. त्यात पोरकिडे होतात, दुसरं काही होत नाही.

प्रती दोन, आणि दुसरी दुसऱ्या घरी. माझी बहिणीकडे फोंड्याला असते. एसएसडीवर कायमचं ठेवू नका, वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरू शकतो. या कामाला साधी फिरणारी हार्ड डिस्क बरी. वर्षातून एकदा, चवथीच्या आसपास, जोडून दोन-तीन इन्स्टॉलर चालवून बघायचे. नुसत्या फाइल्स दिसतात म्हणजे त्या धड आहेत असं नाही.

साखळी_गॉगवाला

त्यासाठी चेकसम, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून ठेवा. सेव्हनझिप बसवलं की राइट-क्लिकच्या मेनूत 'सीआरसी एसएचए' येतं. कॉपी करताना एसएचए-२५६ चा आकडा एका टेक्स्ट फाईलमध्ये, पुढच्या वर्षी पुन्हा काढून ताडून बघायचा. एक अक्षर बदललं तरी कळतं.

पेडण्याचे_काका

मीही बसलो कामाला. नातवाने गॉगचं खातं काढून दिलं. पण माझं मशीन एक्सपी आहे. पेनड्राइव्ह लावला तर 'फॉरमॅट करा' म्हणतंय. आत गेम आहे, मग फॉरमॅट काय करू?

फर्मागुडी_पेंग्विन

करू नका, काका! तो पेनड्राइव्ह एक्सफॅट या साठवणीच्या पद्धतीत असणार, आणि एक्सपीला ते वेगळ्या अपडेटशिवाय कळत नाही. नातवाला सांगा, आतलं सगळं लॅपटॉपवर काढून घे, पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट कर आणि परत भर. फॅट३२ नको, त्यात चार जीबीहून मोठी फाईल बसत नाही. आणि काढताना 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा, एनटीएफएस त्या बाबतीत जरा हळवं आहे.